सगळ्या घराला एकाच रात्री फ्लू कसा होईल?

डिसेंबरच्या शेवटी नाशिकला थंडी पडते म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात निफाडचा पारा किती उतरला ते सकाळी सकाळी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येतं, द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात कारण गारठ्यानं मण्यांना तडे गेले की वर्षाची मेहनत गेली, आणि माझ्या दवाखान्यातली बाकं नऊ वाजायच्या आतच भरतात. दवाखाना आडगावच्या पुढे, हायवेपासून थोडा आत. सर्दी, घसा, कणकण, रात्रीचा खोकला, या दिवसांत दुसरं काही नसतंच जवळजवळ.

त्या दिवशी एक बागायतदार त्यांच्या पिकअपमधून मजुरांचं एक कुटुंब घेऊन आले. सुरगाण्याकडची माणसं, थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या कामाला आलेली, बागेतल्याच खोलीत राहणारी. नवरा, बायको, सहा-सात वर्षांची मुलगी आणि आजी. बायको दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेली, मुलगी पहाटेपासून उलट्या करून पार गळून गेलेली, नवऱ्याचं नुसतं डोकं दुखत होतं. मालक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना फ्लूच झालाय, साथच आहे सध्या, एकेक इंजेक्शन देऊन टाका."

साथ होतीच, खोटं नाही. पण ताप बघितला तर कुणालाच नाही. नाक वाहत नाही, घसा साफ, खोकला नाही, छाती स्वच्छ. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर मुलीचं ९८. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तिघं एकाच पहाटे आजारी पडले. फ्लू असा येत नाही हो, आधी एकाला होतो, मग एक ते चार दिवसांत दुसऱ्याला, घरात तो फिरत फिरत जातो. मग खाण्यात काही आलं का म्हणून विचारलं, तर रात्री भाकरी आणि उडदाचं वरण, तेच आजीनंही खाल्लेलं, आणि आजी ठणठणीत.

मी विचारलं, "आजी, तुम्ही कुठे झोपला होतात?"

"मी ओट्यावर. मला आत कोंडल्यासारखं होतं बाई."

म्हणजे सगळ्यात म्हातारं माणूस, सगळ्यात जास्त थंडीत झोपलेलं, आणि त्यालाच काही झालेलं नाही. नवरा कुठे होता विचारलं तर रात्रीची लाईट होती म्हणून तो बागेला पाणी द्यायला गेलेला, तीनच्या सुमारास येऊन झोपला. आणि बायकोनं आपणहून सांगितलं की गाडीत मागे वारा लागला तसं जरा बरं वाटायला लागलं. मी लगेच विचारलं, "ताई, खोलीत काही पेटवलं होतं का?"

पेटवलं होतं. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, कापूर आणि कडुलिंबाचा पाला. मुलीला सर्दी लागू नये म्हणून, साथ चालू आहे म्हणून. खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं.

पुढचा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. बंद खोलीत निखारे धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, ओव्या-कापराचा वास येत होता पण खरा घात करणाऱ्याचा येत नव्हता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग रक्त फिरतं पण ऑक्सिजन पोचवत नाही. आणि आपला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो, कारण त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरकच कळत नाही, तो दोन्हीला चांगलंच म्हणतो. ते ९८ बघून कुणी उलटीची गोळी देऊन घरी पाठवलं असतं तर पुन्हा रात्री तेच घमेलं, तीच खोली. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

कोविडनंतर मी एक छोटा सिलिंडर दवाखान्यात भरून ठेवते. आधी मुलीला मास्क लावून जोरात ऑक्सिजन सुरू केला, बाकीच्यांना बाहेर मोकळ्या हवेत बसवलं, १०८ ला फोन केला आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात काय संशय आहे ते लिहिलं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास, म्हणून थांबून चालत नाही. अँब्युलन्स येईपर्यंत मुलीनं डोळे उघडून आजीकडे पाणी मागितलं होतं. हॉस्पिटलमधल्या रक्ततपासणीत तेच निघालं. दोन दिवसांनी सगळे परत बागेत.

आता हे मला मनापासून लिहायचंय. मी आयुर्वेदाचीच डॉक्टर आहे, धूपन, म्हणजे औषधी धुरी, आमच्या ग्रंथांत आहे, आणि त्या माउलीनं जे केलं ते प्रेमापोटी केलं, तिला मूर्ख म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही. पण धुरी द्यायची ती दार-खिडक्या उघड्या ठेवून, दोन मिनिटं, आणि निखारे बाहेर काढून पाण्यानं विझवून मगच झोपायचं. आणि दुसरं म्हणजे थंडीत आपण सगळे एका खोलीत दारं लावून बसतो ना, सर्दी-फ्लू पसरायचं तेच एक मोठं कारण आहे, एकाच्या श्वासातला व्हायरस सगळ्यांच्या श्वासात जातो. खिडकी हातभर उघडी ठेवून अंगावर एक गोधडी जास्त घ्या, याहून नैसर्गिक उपाय मला तरी माहीत नाही.

बाकीचं घरातलं सगळं खुशाल करा. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, आवळा, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पुरेशी झोप, बाहेरून आलं की साबणानं हात. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. वाफ घेताना उकळतं पातेलं लेकरांसमोर ठेवू नका, भाजलेली मुलं दर हिवाळ्यात येतात. म्हातारी माणसं, गरोदर बाई, दमा किंवा शुगरवाले यांना दरवर्षी फ्लूची लस द्या, ती काही निसर्गाच्या विरुद्ध नाही. आणि धाप लागली, मूल पाणी पिईना, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला तर काढा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

ते लोक परत आले त्या संध्याकाळी मी बागेत जाऊन आले. खिडकीचं प्लास्टिक मालकांनी स्वतः विळ्यानं फाडलं, तिथे मच्छरजाळी ठोकली आणि मिस्त्री बोलावून मजुरांच्या सगळ्या खोल्यांना झरोके पाडायचं ठरवलं. आजीला काळजी एकच, "मग पोरीला गारठा लागंल त्याचं काय?" मी म्हटलं टोपी, पायमोजे, दोन सदरे एकावर एक आणि तिला तुमच्या कुशीत घ्या. मालकांनी घरून दोन ब्लँकेटं मागवली. कापराची डबी मात्र मी आजीकडून वर फळीवर ठेवून घेतली, कापराची वडी मुलाच्या पोटात गेली तर झटके येतात हे तिला माहीत नव्हतं आणि मुलीचा हात तोपर्यंत त्या डबीकडे गेलाच होता.