कोरडं पटकन होतं

"पाणी मारून कापलं की चिखल होतो. कोरडं पटकन होतं." एवढं बोलून ओट्याचा दगड बसवायला आलेल्या कारागिराने नाकाला रुमाल बांधला आणि ग्राइंडर सुरू केला.

सिंकसाठी ओट्याच्या दगडात भोक पाडायचं होतं. बघता बघता त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. वय फार तर पंचविशीचं. मी काम थांबवायला लावलं, पाइप आणून दिला. चिखल झालाच, पण तो पुसता येतो.

दुकानात आम्हाला सगळं समजावलं होतं. ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, डाग कशाने पडतील, जोड कुठे येईल, कड गोल ठेवायची की सरळ. धुळीबद्दल मात्र एक शब्द नाही.

क्वार्ट्झ म्हणून मिळतो तो बहुतेकदा कारखान्यात दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, बांधून केलेला असतो. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये बरीच कमी, पण असतेच. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. साधा रुमाल ती धूळ अडवत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावरच बंदी घातली.

बसवलेला ओटा घरच्यांना काही करत नाही. धोका सगळा कापणाऱ्याला.

मग मापं पक्की करून भोकं कारखान्यातच पाडायची, घरी कापायचंच झालं तर पाणी आणि नीट बसणारा मास्क हवाच, हे ऑर्डर देतानाच लिहून का घेऊ नये?