आमची वाटचाल : तीस ग्रॅमच्या विमानांचा धंदा

आमचा धंदा अगदी छोटा आहे, मी, धाकटा भाऊ, वहिनी आणि पॅकिंगला दोन मुलं, एवढीच माणसं. आम्ही बाल्सा लाकडाच्या छोट्या आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या, विमानांची किट बनवतो आणि तीही फक्त हॉलच्या आत उडवायची. मैदानात उडवायची मोठी विमानं आम्ही करत नाही. लोक सारखे विचारतात की एवढं सगळं येतं तर मोठं का नाही काढत, आणि आम्ही दरवेळी नाही म्हणतो. असं का, तेच आज जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. आम्ही दोघं भाऊ लोकांची मोडलेली मॉडेल्स जोडून द्यायचो, तुटलेली विंग, फाटलेलं कव्हरिंग, जळालेली मोटर, जे येईल ते. त्यात एक गोष्ट सारखी दिसायची, हॉलमध्ये उडवायला म्हणून घेतलेली विमानं भिंतीला धडकूनच यायची, आणि ते उडवणाऱ्याचा हात कच्चा म्हणून नाही तर विमान मुळातच त्या जागेला जड म्हणून. मग आम्ही येईल ते प्रत्येक विमान आधी काट्यावर ठेवायला लागलो, विंगचं क्षेत्रफळ काढायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे, आणि वही भरत गेली तसं लक्षात यायला लागलं की कुठलं विमान दुरुस्तीला परत येणार हे त्या दोन आकड्यांवरूनच सांगता येतं.

हिशोब साधा आहे पण नीट मांडतो, कारण आमचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. विमान किती हळू उडू शकतं हे विंगच्या दर चौरस डेसिमीटरवर (१० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन) किती ग्रॅम येतात त्यावर ठरतं. समजा विमान ३० ग्रॅमचं आणि विंग ६ चौरस डेसिमीटरची, म्हणजे डेसिमीटरला ५ ग्रॅम. असं विमान सेकंदाला ३ मीटरच्या थोडं वर आरामात उडतं, म्हणजे ताशी ११ किलोमीटर धरा, माणूस शेजारून पळू शकतो. आता तेच विमान त्याच मापात ६० ग्रॅमचं केलं तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो, आणि लोक म्हणतात मग काय एवढं. पण वळायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच बँकला (वळताना विमान जेवढं तिरपं होतं तो कोन) गोल सरळ दुप्पट मोठा. ३० अंश बँकला हलकं विमान साधारण ४ मीटर व्यासाच्या गोलात वळतं आणि जड विमानाला ८ मीटर लागतात. बॅडमिंटनचं कोर्ट ६.१ मीटर रुंद असतं. जड विमान तिथे वळूच शकत नाही, कितीही चांगला पायलट द्या. आणि धडकलं तर वजन दुप्पट, वेगाचा वर्ग दुप्पट, म्हणजे आपटण्याचा जोर चौपट. हलकं विमान भिंतीला नाक लावून खाली येतं, उचलायचं आणि परत सोडायचं, जड विमानाचा फायरवॉल, म्हणजे मोटर बसवलेली नाकातली फळी, मोटरसकट निखळून येतो, असे कितीतरी आम्ही परत चिकटवून दिलेत.

तर दुरुस्ती करता करता ठरलं की आपणच किट काढायचं आणि विकायचं ते हलकेपण. हे बोलायला सोपं आहे हो, पण ते लाकडातूनच आणावं लागतं, आणि बाल्सा म्हटलं की सगळ्यांना एकच लाकूड डोळ्यासमोर येतं. तसं नाही. बाल्साची झाडं मुख्यतः इक्वाडोरमधून येतात, सहा-सात वर्षांत तोडायला तयार होतात, इतकी झपाट्याने वाढतात, आणि झाड कुठे वाढलं, किती वेगात वाढलं, फळी झाडाच्या कुठल्या भागातली, यावर वजन प्रचंड बदलतं. १.५ मिलीमीटर जाड, ७६ रुंद आणि ९१५ लांब ही नेहमीची शीट, एक भरते ९-१० ग्रॅम आणि तिच्याशेजारची, दिसायला अगदी तशीच, २० ग्रॅम. दुसरी शीट विंगमध्ये गेली की विमान संपलं, पुढे काहीही करा.

म्हणून माल आला की पहिलं काम वहिनीचं. आजही. प्रत्येक शीट डिजिटल काट्यावर जाते आणि कोपऱ्यात पेन्सिलने वजन लिहिलं जातं. मग ती शीट खिडकीकडे धरून बघते, कुठे दाट पट्टा आहे का, एक कड जड आणि दुसरी हलकी आहे का. मग दोन्ही अंगठे मध्ये ठेवून आडवी वाकवते. सहज वाकली, गोल फिरायला लागली तर ती ए ग्रेन, तिची नळी होते, फ्युजलाजची (विमानाच्या धडाची) वळणारी कातडी होते. वाकायला तयारच नसेल आणि अंगावर बारीक चमकते ठिपके असतील तर ती सी ग्रेन, ती आडवी ताठ राहते, तिच्या रिब (विंगला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि शेपटी. मधली ती बी, तिचे बाकीचे तुकडे. हे वाचायला दोन मिनिटं लागतात पण बोटांना कळायला बराच काळ जावा लागतो, आणि आमच्याकडे वहिनीच्या बोटांवर कोणी वाद घालत नाही.

पुढचा नियम असा की डावी आणि उजवी विंग एकाच शीटमधून, नाहीतर निदान सारख्या वजनाच्या जोडीतून. स्पार (विंगचा लांब कणा) आणि लीडिंग एजला (विंगची पुढची कड) मुद्दाम थोडं जड, ताठ लाकूड, कारण तिथे ताकद लागते. आणि सगळ्यात हलकं लाकूड शेपटीला. शेपटी सीजीपासून (विमान जिथे तोलतं तो बिंदू) लांब, नाक जवळ, त्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की तो तोलायला पुढे दोन-तीन ग्रॅम लागतात. आलेल्या मालातलं बरंच लाकूड आमच्या इनडोअर किटमध्ये बसतच नाही. ते आम्ही हाताने फेकायच्या ग्लायडरसाठी आणि बिल्डिंगच्या जिगसाठी (बांधताना तुकडे धरून ठेवायचे साचे) वापरतो, पण किटमध्ये घालत नाही. एका मोठ्या दुकानाने आम्हाला सांगितलं होतं की ही निवडानिवड बंद करा, माल दुप्पट निघेल, आम्ही सगळा उचलतो. आम्ही नको म्हटलं आणि मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो, कारण निवड काढली तर आमच्या डब्यात उरतं काय, प्लॅन आणि लाकडाचे तुकडे, ते कुठेही मिळतात.

पहिली किट आम्ही टेम्प्लेट ठेवून ब्लेडने कापायचो. मग लेझर आलं आणि खरंच सुटलो. हलका बाल्सा इतका मऊ असतो की डायने दाबून कापला तर कड चेपते, ब्लेड जरा बोथट झालं की पेशी फाटतात, लेझर त्याला हात न लावता कापतो. मात्र कड करपते, आणि त्या काळ्या थरावर ग्लू नीट धरत नाही. म्हणून पॉवर कमी ठेवायची, कापायचा वेग जुळवायचा, आणि जिथे चिकटवायचं तिथे बारीक पॉलिश पेपरचा एक हात मारायचा हे सूचनापत्रात ठळक छापलंय. तेवढं केलं की पुरतं, काळेपणा पूर्ण घालवायला गेलात तर माप जातं.

रिबबद्दल लोकांना नवल वाटतं की एवढ्या बारीक का, खरं एअरफॉइल, म्हणजे मोठ्या विमानासारखा जाड फुगीर छेद, का नाही. एवढ्या लहान विंगला आणि एवढ्या कमी वेगाला जाड एअरफॉइल उलट वाईट चालतं, हवा पृष्ठभाग सोडून देते. पातळ, नुसती कमान दिलेली विंग जास्त चांगली उचलते, म्हणून आमची विंग वरून एकाच बाजूने कव्हर केलेली असते, खालून रिब उघड्या दिसतात. कव्हरिंग आधी टिश्यूचं (पातळ कागदाचं) होतं, आता बहुतेक मॉडेल्सना २ मायक्रॉनची मायलर फिल्म. तिचं वजन चौरस मीटरला ३ ग्रॅमसुद्धा नाही, म्हणजे ६ डेसिमीटरच्या विंगवर ०.२ ग्रॅमच्या आत. पण टिश्यू सांगाड्याला ताठपणा देतो आणि फिल्म काहीच देत नाही, त्यामुळे फिल्म आणताना आम्हाला सांगाडाच बदलावा लागला, रिबच्या मध्ये तिरक्या काड्या टाकाव्या लागल्या. फिल्म ताणून लावायची नाही, सैल, किंचित चुरगळलेली ठेवायची, नाहीतर विंग पिळवटते. कडेने सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने फिरवलं की जास्तीची फिल्म वितळून सुटते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आमचं स्वतःचं काही नाही, पण ते हलकं झालं नसतं तर आमचा धंदाच नसता. निकेल कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात एवढं छोटं विमान रेडिओवर हॉलमध्ये उडवणं फार थोड्या लोकांना जमायचं. लिपो (लिथियम पॉलिमर, लिथियम आयनचाच एक प्रकार) सेल आले, मग रिसिव्हर, दोन छोटे सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या मोटरी) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एकाच बोर्डावर आलं, सगळं मिळून ३-४ ग्रॅममध्ये, तिथून दार उघडलं. आमची विमानं एका सेलवर चालतात, ३.७ व्होल्ट, ७० ते १५० एमएएच. बॅटरी मात्र आम्ही किटमध्ये घालत नाही. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून पाठवायला बंदी आहे, आणि लांबच्या गिऱ्हाइकाचा डबा एका ४ ग्रॅमच्या सेलसाठी अडकून पडावा हे आम्हाला पटत नाही. कुठली घ्यायची, किती वजनाची, ते लिहून देतो.

पण हलकं कसं बांधायचं हे आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून शिकलो नाही, रबरवाल्यांकडून शिकलो. अल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर छोटं मॉडेल उडवून दाखवलं, तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि आज एफ१डी या रबरवर उडणाऱ्या इनडोअर विमानांच्या स्पर्धा गटात ५५ सेंटिमीटर स्पॅनची, रबर सोडून जेमतेम १.४ ग्रॅमची विमानं उंच हॉलमध्ये वीस मिनिटांच्या वर हवेत राहतात. रुमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्यात. ती माणसं ग्लू सुईच्या टोकाने लावतात. आमच्या सूचनापत्रातली अर्धी अक्कल त्यांची आहे हे मी सगळ्यांना सांगतो.

मध्ये एक काळ फार कठीण गेला. २०२० च्या आसपास पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यासाठी बाल्साची मागणी एवढी वाढली की चांगलं लाकूड मिळेनाच, आणि जे आलं ते जड, काही तर नीट न सुकवलेलं. त्यात कोरोनामुळे हॉल बंद. आमच्यासमोर दोन रस्ते होते, आलेलं लाकूड घालून किट चालू ठेवायचं किंवा ऑर्डर थांबवायच्या. ऑर्डर थांबवल्या. भावाने दुरुस्तीची कामं परत घेतली आणि त्याच्यावर घर चाललं. मी त्या काळात शीटवर तुकड्यांची मांडणी नव्याने केली, रिबच्या आत रिब, शेपटीच्या पोकळीत छोटे तुकडे, म्हणजे चांगल्या शीटचा कण वाया जाऊ नये. पुढे बऱ्याच पाती बनवणाऱ्यांनी पीईटी प्लास्टिकच्या फोमकडे मोर्चा वळवला आणि लाकूड हळूहळू परत यायला लागलं. ती मांडणी अजून तशीच वापरतो.

त्याच रिकाम्या वेळात सूचनापत्र नवीन लिहिलं आणि त्यात प्रत्येक टप्प्याला वजन छापलं. सांगाडा पूर्ण झाला की ११ ग्रॅम, कव्हर करून १२, मोटर प्रॉपसकट ५, रिसिव्हरचा बोर्ड ४, बॅटरी ४, चाकं, वायर, पुशरॉड (सर्व्होपासून शेपटीकडे जाणाऱ्या काड्या) मिळून ३, बेरीज २८ आणि दोन ग्रॅम तुमच्या हातासाठी सोडलेले. सांगाडा १४ आला तर पुढे जाऊ नका, आम्हाला फोन करा. बहुतेक वेळा वाढलेलं वजन ग्लूचं असतं. पांढरा ग्लू पाणी घालून पातळ करा, टूथपिकच्या टोकाने लावा, जादा आलेला लगेच पुसा. पातळ सीए ग्लू (झटपट चिकटणारा सुपरग्लू) फक्त जिथे जोड घट्ट बसलाय तिथेच, आणि खिडकी उघडी ठेवून, त्याची वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते.

उडवतानाचं एवढंच सांगतो की हॉलमधले एसी आणि पंखे आधी बंद करा. ५ ग्रॅम डेसिमीटरच्या विमानाला ब्लोअरचा झोत म्हणजे वादळ. सीजी विंगच्या रुंदीच्या ३० ते ३५ टक्क्यांवर ठेवा, बॅटरी वेल्क्रोवर पुढे-मागे सरकवून. मोटर बंद ठेवून हातातून हलकेच सोडा, सरळ सरकत गेलं तरच थ्रॉटल.

सध्या २० ग्रॅमच्या मॉडेलवर काम चालू आहे, डेसिमीटरला साडेतीन ग्रॅमच्या आत बसवायचं आहे म्हणजे छोट्या हॉलमध्ये शाळेतली मुलंही उडवू शकतील. विंग झाली आहे, अडलंय ते शेपटीपाशी, ती हलकी केली की वळताना पिळते आणि ताठ केली की बॅटरी नाकाच्या पुढे टांगायची वेळ येते. भाऊ ०.५ मिलीमीटरच्या कार्बन रॉडची चौकट करून बघतोय, वहिनीने त्यासाठी सी ग्रेनच्या सगळ्यात हलक्या शीट वेगळ्या काढून ठेवल्यात. जमलं की आमचं आधीचं किट बांधलेल्या सगळ्यांना त्याचा प्लॅन फुकट पाठवणार आहोत, त्यांनी पाठवलेल्या वजनांच्या नोंदींवरच तर हे नवीन विमान आखलंय.