मासे कधी आणणार, हे तुम्ही विचारलेत म्हणून

टाकीत पाणी भरून महिना होत आला, दिवा लागतो, फिल्टर रात्रंदिवस चालतो, खडी आणि लाकूडही लावून झाले. मग मासे कधी आणणार? हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, आणि सासूबाईंच्या बहिणी पुण्याहून फोन करतात तेव्हा तब्येतीची चौकशी झाल्यावर लगेच तोच विचारतात. आतापर्यंत मी "आणू लवकरच" एवढेच म्हणत आले. ते उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, आणि त्यामुळे माझ्याविषयी दोन समजुती पसरल्या आहेत: एक, की पुढचा खर्च मला परवडत नाही, आणि दुसरी, की मला मासे नकोच आहेत, नुसते पाणी तपासत बसायला आवडते. दोन्ही मनाला लागतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहे.

मासा ज्या कल्ल्यांतून श्वास घेतो, त्याच कल्ल्यांतून शरीरातला अमोनिया बाहेर टाकतो. तलावात तो अमाप पाण्यात विरतो. काचेच्या टाकीत तो साठतो आणि ज्याने टाकला त्याचेच कल्ले भाजतो. टाकीत हा अमोनिया दोन टप्प्यांत पचवणारे जिवाणू लागतात. नायट्रोसोमोनास आणि त्यांच्यासारखे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्राइट हेही विषच आहे. नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय कित्येक वर्षे नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला दिले जात होते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हे सारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकट थर करून ते राहतात, आणि नव्याकोऱ्या टाकीत तो थर नसतोच.

तो तयार व्हायचा तर जिवाणूंना अन्न हवे. मासे नसताना ते मी बाहेरून घालते, नवसागराच्या, म्हणजे अमोनियम क्लोराइडच्या, रूपाने. शंभर लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम नवसागर घातला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. भांड्यांना कल्हई करणारे वापरतात तोच हा पदार्थ. मात्र कल्हईच्या नवसागरात आणखी काय मिसळले आहे ते कळत नसल्याने मी प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध घेते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत रोज संध्याकाळी मी "काहीतरी पावडर" टाकते अशी जी चर्चा आहे, ती हीच पावडर.

"रात्री विरजण लावलं की सकाळी दही लागतं, मग तुझ्या जिवाणूंना महिना कशाला लागतो?" असे सासूबाईंनी विचारले होते, आणि मला आजवर विचारलेल्या प्रश्नांपैकी तो सर्वांत योग्य प्रश्न वाटतो. दह्याचे जिवाणू झपाट्याने दुप्पट होतात, शिवाय विरजणात ते कोट्यवधींनी आधीच असतात. अमोनियावर जगणाऱ्यांना त्या अन्नातून इतकी थोडी ऊर्जा मिळते की दुप्पट व्हायला त्यांना उत्तम परिस्थितीतही कित्येक तास, बहुतेकदा दिवसभर लागतो. आणि नायट्राइट पचवणारे तर पहिल्यांचे काम सुरू झाल्यावरच मूळ धरतात. त्यामुळे चार ते सहा आठवडे हा काळ नेहमीचाच समजला जातो. मुंबईत पाणी बारा महिने कोमट असते, हीटर लागत नाही, त्यामुळे आपले काम थंड गावांपेक्षा लवकर होते. पण लवकर म्हणजे आठवड्यात नव्हे.

मुंबईच्या पाण्याची एक अडचणही आहे. आपल्याला सात तलावांचे पाणी मिळते आणि ते मुख्यतः पावसाचे असल्याने मृदू असते. अमोनिया पचताना पाण्यातला अल्कधर्म, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची ताकद, खर्च होतो: अमोनियातील नायट्रोजनच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. मृदू पाण्यात तो मुळातच थोडा असतो. तो संपला की पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात, मग तपासणीतले आकडे दिवसेंदिवस जागचे हलत नाहीत. माझ्या या टाकीचे मधले कित्येक दिवस असेच अडकून गेले. थोडा खाण्याचा सोडा घातल्यावर गाडी पुढे सरकली. शिवाय शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात घातलेले क्लोरीन जिवाणूंनाही मारते, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय मी टाकीत तांब्याभरही पाणी ओतत नाही.

हे सारे मी गेल्या वर्षीही सांगितले असते, पण तेव्हा मला पाठ्यपुस्तकातल्यासारखे बोलता आले असते. मधल्या काळात एक मे महिना गेला आहे.

पहिली टाकी तेव्हा अर्ध्या वाटेवर होती. अमोनिया उतरू लागला होता आणि नायट्राइट तपासणीच्या नळीत गडद जांभळे दिसत होते. शून्य असते तर ते आकाशी दिसले असते. झाकणावर मी कागद चिकटवला होता: "मासे सोडू नयेत." त्या दिवशी मुलाचा वाढदिवस होता. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी नवसागराची मात्रा घातली होती. दुपारी माझे दीर दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून सहा गोल्डफिश घेऊन आले. त्या उकाड्यात, भरलेल्या लोकलमधून, पिशवी छातीशी धरून मुलुंडपर्यंत आणलेले ते मासे म्हणजे पुतण्यावरचे निखळ प्रेम होते, आणि हे मी तेव्हाही म्हटले होते, आजही म्हणते. दुकानदाराने त्यांना विचारले, टाकी चालू आहे ना? त्यांनी सांगितले, हो. दुकानदार म्हणाला, मग पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा आणि सोडा. झाकणावरचा कागद त्यांनी वाचला होता; तो मुलांसाठी आहे असे त्यांना वाटले. पिशवीचे रबर मुलाने स्वतः सोडवले.

मी आठच्या सुमारास घरी आले तेव्हा केक कापायचा थांबवून ठेवला होता. सहाही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून होते. कल्ले भराभर हलत होते, शेपट्या मात्र स्थिर होत्या. दीर म्हणाले, "वहिनी, बघा ना, सगळे वर येऊन खायला मागताहेत." त्यांना काही सांगण्याआधी मी नळी लावून पाणी उपसायला घेतले. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हीमोग्लोबिनचे मेथहीमोग्लोबिन करते. मग पाण्यात प्राणवायू असूनही रक्ताला तो वाहून नेता येत नाही. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशी अडवते, म्हणून लिटरला ग्रॅमभर या हिशेबाने खडे मीठ विरघळवून हळूहळू घातले. सर्वांत मोठा उपाय म्हणजे पाणी बदलणे, आणि नेमके तेच हाताशी नव्हते. मे महिन्यातली पाणीकपात चालू होती, आमच्या इमारतीला पाणी पहाटे येई. न्हाणीघरातला पिंप आणि स्वयंपाकघरातल्या दोन बादल्या एवढ्यावर मी निम्मी टाकी बदलू शकले. शेजारच्या काकूंनी त्यांची कळशी न मागता आणून दिली. पुढे पहाटेची वाट पाहण्यापलीकडे काही उरले नाही.

नळाला पाणी आले तेव्हा चार मासे मेलेले होते. बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून आत लाल आहे ना ते पाहतो. मी हातात घेतलेल्या त्या माशाचा कल्ला सवयीने तसाच उचलला, आणि आत लाल काही नव्हते, सगळे तपकिरी होते. हे वर्णन मी वाचलेले होते. वाचलेले असूनही त्या रंगाने मी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

मुलगा उठून आला आणि त्याने एकच गोष्ट विचारली: "पण आई, पाणी तर स्वच्छ होतं ना?" हो, पाणी स्वच्छ होते. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. मी त्याला हे समजावले, त्याचा काही दोष नाही हेही सांगितले, आणि त्याने मान हलवली. पुढचे कित्येक दिवस तो त्या खोलीत गृहपाठाला बसत नव्हता. वाचलेले दोन मासे ठाण्यातल्या एका स्नेह्यांच्या मोठ्या टाकीत गेले, कारण गोल्डफिश पुष्कळ वाढतो, पुष्कळ घाण करतो आणि आमची दोन फुटी टाकी त्याला मुळातच अपुरी होती. ती टाकी मी मोडली.

त्यानंतर दिरांनी एकदा, काहीशा दुखावल्या स्वरात, मला विचारले, "रविवारी घरात पापलेट होतंच ना? मग चार गोल्डफिशचं एवढं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे पक्के उत्तर नाही, आणि आहे असा आव मी आणणार नाही. ताटातला मासा एकदा मरतो आणि कोणाचे तरी पोट भरतो. हॉलमधला मासा केवळ आपल्याला घाई होती म्हणून रात्रभर गुदमरतो, असे मी म्हणते. पण पापलेटही जाळ्यात गुदमरूनच मरते, हे मला माहीत आहे. इतके मात्र खरे, की जो जीव मी पाळण्यासाठी आणला, त्याच्या पाण्याची जबाबदारी माझी असते. पापलेटच्या समुद्राची नसते. एवढ्यावर हा वाद मिटतो असे मला वाटत नाही.

दुसरा वाद माझा माझ्याशीच आहे. गिरगावातल्या आमच्या वाडीत आजोबांनी मागच्या अंगणातल्या दगडी कुंडात गप्पी पाळले होते. मुंबईत डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात तेच गप्पी. आजोबांनी कधी नळीत थेंब मोजले नाहीत, आणि ते गप्पी वर्षानुवर्षे जगले, वाढले. ती टाकी मोडल्यावर मी फार ठामपणे बोलू लागले होते: तपासणी न करता मासे ठेवणारा प्रत्येकजण निष्काळजी. आजोबा निष्काळजी नव्हते. त्या कुंडात पाणी भरपूर होते, मासे मोजके होते, ऊन येत होते आणि पाणवनस्पती दाटून वाढल्या होत्या. वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात. त्यांनी न मोजता जे साधले, ते आमच्या ऊन न येणाऱ्या हॉलमध्ये मोजल्याशिवाय मला साधत नाही. दोन-तीन काटक मासे ठेवून, रोज पाणी तपासून आणि रोज बदलून टाकी तयार करणारेही आहेत, आणि त्यांचे मासे जगतात हे मी जवळून पाहिले आहे. ते चुकतात असे मी आता म्हणत नाही. मला ते करायचे नाही, कारण रोजच्या पाण्याची हमी आमच्या इमारतीत मला कोणी देत नाही, आणि नळाला पाणी नसेल तेव्हा सोसायटी टँकर मागवते. टँकरचे बोअरचे पाणी कठीण असते, त्याचा पीएच जास्त असतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे काल ज्या पाण्यात मासे तगले, त्याच मोजमापाच्या अमोनियात ते आज मरू शकतात.

तपासणीचा संच महाग आहे, हे मान्य. ज्या मुलाला पन्नास रुपयांचे दोन मासे हवे आहेत, त्याच्या आईवडिलांना मी आधी संच घ्या म्हणते तेव्हा ते मासे पाळण्याचाच विचार सोडतात, हेही मी पाहिले आहे. ते बरे की वाईट, मला ठरवता आलेले नाही.

दुकानातल्या जिवाणूंच्या बाटलीविषयीही तुम्ही विचारता. काहींत खरेच योग्य जिवाणू असतात, पण बाटली कडक उन्हाळ्यात किती दिवस फळीवर पडून होती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी एक ओतली. फरक पडला असेल किंवा नसेल. जुन्या, चालत्या फिल्टरमधला स्पंज मात्र नक्की काम करतो. तो ठाण्याच्या स्नेह्यांकडून का आणला नाही, असे विचारलेत, तर त्यांच्या माशांना त्या वेळी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता, आणि तो ओल्या स्पंजाबरोबर येतो.

या आठवड्यात अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आहे. नायट्राइट अजून शून्यावर येत नाही; नळी जांभळी राहते, फक्त पहिल्यापेक्षा फिकी. ती हलवण्याचे काम आता मुलगा करतो. मला न विचारता त्याने ते स्वतःकडे घेतले आहे, आणि कागदावर रंग लिहून ठेवतो. दोन्ही नळ्या एका दिवसात शून्य दाखवतील तेव्हा बहुतेक पाणी बदलून आम्ही मोजकेच मासे आणू. तोपर्यंत कृपा करून कोणी मासे भेट आणू नयेत. आणायचेच असेल, आणि तुमच्या टाकीतले मासे गेले काही महिने निरोगी असतील, तर फिल्टरमधल्या स्पंजाचा तळहाताएवढा तुकडा कापून, नळाखाली न धुता, तुमच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणा. मी संध्याकाळी सातनंतर घरी असते.