तुम्ही विचारलंत म्हणून: आजार पोटाचा, मग गुडघा का सुजतो?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे हे ज्यांना माहितीये ते कधी ना कधी विचारतातच, अगं तुझं दुखणं पोटाचं ना, मग गुडघा धरून का चालतेस? परवा शेजारच्या काकूंनीही विचारलं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

माझ्या मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलेली असते, आणि ती काय फक्त आतड्यापुरती थांबत नाही. कोलायटिस असो की क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा असाच दुसरा आजार), पोटाबाहेर सगळ्यात जास्त त्रास होतो तो सांध्यांनाच.

मला पहिल्यांदा कळलं ते गणपतीत. आरती झाली, प्रसादाला मांडी घालून बसायला गेले तर डावा गुडघा वळेचना. रात्रीपर्यंत इतका सुजला की सलवार वर सरकेना, हात लावला तर गरम. त्याच आठवड्यात दिवसाला आठ-दहा वेळा संडासला जात होते, रक्तही पडत होतं, पण दोन्हीचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. हाडांच्या डॉक्टरांना मी पोटाचं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, पेनकिलर घेऊन घरी आले आणि चार दिवसांत रक्त दुपटीने वाढलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी आतडं भडकू शकतं हो! कुणी प्रेमाने दिली तरी आपल्या पोटाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते.

मग पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं. गुडघा, घोटा असे एक-दोन मोठे सांधे सुजले तर ते बहुतेक पोटाबरोबरच चढतात-उतरतात, पोट शांत झालं की तेही शांत, आणि सांधा सहसा कायमचा वाकडा होत नाही. बोटांचे बरेच लहान सांधे धरले तर ते मात्र पोट ठीक असतानाही महिनोन्‌महिने दुखू शकतात. आणि कंबर! सकाळी उठताना आखडलेली, चाललं-फिरलं की मोकळी, बसून राहिलं की परत जैसे थे, असं असेल तर अंगावर काढू नका, काही जणांचे मणके हळूहळू एकमेकांना जुळतात. यात आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, सहसा निगेटिव्हच येते, त्यामुळे तेवढ्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

मला सल्फासलाझिन चालू आहे. ही गोळी स्वीडनच्या डॉक्टर नॅना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास संधिवातासाठी शोधली आणि कोलायटिसलाही लागू पडली, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, म्हणजे माझी दोन्ही दुखणी एकाच गोळीत कुणीतरी आधीच एकत्र आणून ठेवलेली. त्याने भागलं नाही तर अडालिमुमॅबसारखी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी इंजेक्शनं असतात, ती दोन्हींवर चालतात, पण आधी टीबीची तपासणी करून घ्यावी लागते.

आता माझ्या वहीत एकाच पानावर दोन रकाने असतात, संडास किती वेळा आणि गुडघा कसा. दोन्ही डॉक्टरांकडे तीच वही नेते.