तुम्ही विचारलंत म्हणून: कापूस आपला, मग कापड परक्याचे का?

लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, कधी थेट घरी येऊनही मला एकच प्रश्न विचारला जातो: ‘सर, कापूस आपला, गिरण्याही इथे होत्या, मग जपान-तैवान शेतीतून वर आले, तसे खान्देशाला का जमले नाही?’ अमळनेरला अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणारच. आजवर मी त्याची दोन वाक्यांत बोळवण करत आलो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी कापसाचा हिशेब. पाच क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे बी वेगळे करणाऱ्या कारखान्यात, गेला की साधारण 170 किलो रुईची एक गाठ होते. उरते ती बहुतेक सरकी. माझ्या लहानपणी जिनिंगच्या आवाराबाहेर बैलगाड्यांची रांग लागे आणि वडील रात्र गाडीखाली काढत. मापाडी तोल सांगे, पैसे मिळत, आणि तिथेच आमचा कापसाशी संबंध संपे. रुईचे सूत, सुताचे कापड होताना किंमत वाढत जाते, ते टप्पे बहुतांशी खान्देशाबाहेर. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना आमचा माल हवासा झाला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली, आणि गाठी मुंबई बंदराकडे जाणे सोपे झाले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले.

गिरण्यांबद्दल मला आदर आहे. जळगावला 1870च्या दशकात गिरणी आली, अमळनेरला पुढे प्रतापशेठांची. त्यांच्या भोंग्यावर कितीतरी घरांची चूल पेटत असे. पण शेजारच्या कोरडवाहू गावात कापड विकत घेण्याइतका पैसा टिकतच नव्हता, तो सावकाराकडे आणि शेतसाऱ्यात जात होता. अवतीभवती गिऱ्हाईक नसलेला कारखाना दूरच्या बाजारावर तगतो आणि त्या बाजारात हरला की बंद पडतो.

तैवानमध्ये क्रम वेगळा होता. 1949 मध्ये कुळाने जमीनमालकाला द्यायचा खंड मुख्य पिकाच्या 37.5 टक्क्यांवर मर्यादित झाला, 1953 मध्ये कसणाऱ्याला जमीन मिळू लागली, आणि वाढलेले पीक त्याच्याच घरात राहिले. त्या पैशातून खत, सायकल, मुलांची शाळा झाली. पुढे अळंबी आणि शतावरी डबाबंद करून परदेशी पाठवणारे कारखाने खेड्यांजवळ निघाले आणि शेतकऱ्याच्या मुली-सुना तिथे कामाला जाऊ लागल्या. जपानची वाट याहून कठोर होती: 1873 पासून तिथे जमीन महसूल रोखीत वसूल झाला, शेतकऱ्यांनी उठावही केले, पण घराघरांत रेशीमकिडे पाळले जात आणि रेशमाच्या निर्यातीतून यंत्रे आली. तैवानला अमेरिकेची मदत होती आणि सत्ता लष्करी होती, हेही विसरू नये. त्या काळाची नुसती नक्कल आपल्याला परवडणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडलेले प्रारूप मी फळ्यावर कितीदा काढले: शेतीतले जादा हात कारखान्याकडे सरकतात. आकृतीत बाण सहज सरकतो (खडूला काय लागते?), पण आजही देशातले सुमारे 45 टक्के कामकरी शेतीत आहेत. माझ्या मते हात सरकण्याआधी शेतात शिल्लक पडायला हवी, आणि ती शेतकऱ्याकडे राहायला हवी.

खान्देशात हे एका ठिकाणी जमलेले दिसते. केळीने पाणी मागितले, पाण्याने ठिबक मागितले, आणि ठिबकच्या नळ्या जळगावातच तयार होऊ लागल्या. शेतकरी गिऱ्हाईक झाला तेव्हा उद्योग त्याच्या दारात आला. यावलकडे माझ्या भाच्याच्या बागेत परवा उभा होतो. पायाशी जळगावची नळी थेंब सोडत होती, आणि बांधावर उत्तरेला जाणाऱ्या ट्रकमध्ये हिरव्या केळीचे घड भरले जात होते, कच्चेच.