बोर्डच नाही, तर मत देणार कोण?

मी वॉशिंग्टनमध्ये एका लॉ ऑफिसात रिसर्चचं काम करते. म्हणजे कायद्यातलं वाक्य आज, या घडीला नेमकं कसं आहे ते शोधून द्यायचं, बस. पण इथे रेडिओचा कायदा रेडिओच्या नावाने सापडेल या भ्रमात राहू नका, त्यातला बदल संरक्षण खर्चाच्या अवाढव्य बिलात कुठेतरी शेवटी घुसडलेला असतो.

ऑगस्ट २०२५. व्हॉइस ऑफ अमेरिका, म्हणजे परदेशी श्रोत्यांसाठीची अमेरिकन सरकारची प्रसारण संस्था, तिचे डायरेक्टर मायकेल अब्रामोविट्झ यांना सांगण्यात आलेलं की नॉर्थ कॅरोलिनात ग्रीनव्हिलच्या ट्रान्समीटर स्टेशनवर बदली घ्या, नाहीतर महिनाअखेरीस नोकरी गेली. आमच्या एका क्लायंटला एकपानी मेमो हवा होता, डायरेक्टरला काढायचा अधिकार कोणाचा?

सिनियरने उत्तर आधीच टाइप करून ठेवलेलं, 'एजन्सीच्या सीईओचा', म्हणजे ही सगळी सरकारी प्रसारणं जिच्याखाली येतात त्या एजन्सीच्या प्रमुखाचा. जुनी सेव्ह केलेली पीडीएफ उघडायची आणि ठणकावून सांगायचं ही त्याची नेहमीची पद्धत, आणि वर क्लायंटला वाटतं काय अभ्यास आहे!

मग मी तिन्ही वेळचा मजकूर शेजारी शेजारी लावला. १९९४ च्या कायद्यात या प्रसारणांवर नऊ जणांचं बोर्ड, पदसिद्ध सदस्य सोडून आठ, त्यात एका पक्षाचे चारच्या वर नाहीत, आणि कारभार त्यांच्याच हातात. २०१६ मध्ये तो काढून एकट्या सीईओकडे दिला, बोर्ड उरलं सल्ल्यापुरतं. सिनियर अडकलेला तो इथे. पुढे जून २०२० मध्ये नवे सीईओ मायकेल पॅक आले आणि आल्या आल्या रेडिओ फ्री युरोप, रेडिओ फ्री एशिया वगैरे त्याच एजन्सीच्या पैशावरच्या केंद्रांचे प्रमुख काढून त्यांच्या बोर्डांवर स्वतः आणि आपली माणसं बसवली, कायद्यानेच मुभा दिलेली ना! मग काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, जाग आली. १ जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो मोडून जो संरक्षण कायदा झाला त्यात सात जणांचं सल्लागार बोर्ड, आणि एक अट, की व्हॉइस ऑफ अमेरिकाचा प्रमुख नेमायचा किंवा काढायचा तर या बोर्डाचं बहुमत हवंच. नाव सल्लागार, पण या एका बाबतीत नकाराधिकार. मी ते वाक्य पिवळं करून सिनियरकडे पाठवलं, उत्तर आलं 'ओके'. एवढंच.

पण बोर्ड होतं कुठे? सदस्यांना ट्रम्प सरकारने जानेवारी २०२५ मध्येच काढलेलं, कोरमच नाही, म्हणजे मत घ्यायला लागतात तेवढी माणसंच नाहीत. म्हणजे बोर्ड ज्यांनी रिकामं केलं त्यांनाच आता डायरेक्टर काढता येईना. २८ ऑगस्टला न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी तेच सांगितलं, बोर्डाच्या बहुमताशिवाय हलवता येणार नाही.

ऑफिसात लोक खूश झाले, मला मात्र ते नीटसं पचलं नाही. मार्चमध्येच तेराशेच्या आसपास लोकांना रजेवर पाठवलेलं, प्रक्षेपण जवळपास ठप्प, आणि कायदा राखतोय काय तर एक खुर्ची. ही अट लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पॅक होते, माणसं बदलणारा सीईओ, अख्खं दुकानच बंद करायला निघालेलं सरकार त्यांनी धरलंच नव्हतं बहुतेक.

मेमोच्या शेवटी मी एक ओळ टाकली, की बोर्ड पुन्हा भरायचं तर नावं राष्ट्राध्यक्षांनी द्यायची आणि मंजुरी सेनेटने, तोवर ना कोणाला काढता येणार ना नवीन नेमता येणार. सिनियरने ती उडवली. म्हणे क्लायंटने एवढं विचारलेलं नाही.