खाड्याचा हिशेब

‘खाडा’ हा शब्द मी पहिल्यांदा आजोबांच्या हिशेबाच्या वहीत वाचला. ते लालबागच्या एका गिरणीत कामाला होते, आणि ज्या दिवशी कामावर जाणे होत नसे त्या तारखेपुढे ते बारीक अक्षरात ‘खाडा’ असे लिहून रकमेची जागा कोरी सोडीत. बुडालेल्या मजुरीसाठी इतका नेमका शब्द इंग्रजांकडे नसावा, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. सिडनीत राहायला आल्यावर आणि मुलांच्या नादाने रग्बी लीग, म्हणजे मूळच्या रग्बीतून फुटून निघालेला खेळ, पाहू लागल्यावर कळले की, त्यांच्याकडेही तसा शब्द होता, ‘ब्रोकन टाइम’, आणि हा खेळ त्याच शब्दावरच्या भांडणातून जन्माला आला होता.

उत्तर इंग्लंडमधले रग्बी खेळाडू मुख्यतः गिरणी कामगार आणि खाणकामगार. शनिवारी सामना असला की त्यांची पाळी बुडे, आणि ती भरून द्यावी असे क्लबांनी म्हटले की लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींच्या शुद्ध हौशी खेळाला बाधा येई. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली आणि खाड्यापोटी खेळाडूला दिवसाला 6 शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे ठरवले. सिडनीतही 1907 साली तेच घडले. अ‍ॅलेक्स बर्डन हा खेळाडू जायबंदी होऊन घरी बसला, त्याच्या बुडालेल्या कमाईची दखल कोणी घेतली नाही, आणि त्या नाराजीतून इथली लीग उभी राहिली. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला सांगायलाच हवे की, तिचा पहिला खजिनदार होता साक्षात व्हिक्टर ट्रम्पर. फलंदाजी देवाघरची असली तरी जमाखर्च निराळा. 1909 मध्ये पैशांच्या कारभारावरून वाद झाला आणि त्याला ते पद सोडावे लागले.

मजुराच्या शनिवारच्या कमाईसाठी जन्मलेला हा खेळ पाहायला आज चार माणसांचे कुटुंब निघाले, तर त्याला काय पडते, याची उत्सुकता मला आजोबांच्या वहीमुळेच लागली असावी. आम्ही वेस्टमीडला राहतो. पॅरामॅटा पार्कमधून चालत गेले की अर्ध्या तासाच्या आत मैदान येते, त्यामुळे गाडी लावण्याचा खर्च नाही; जे दूरच्या उपनगरांतून येतात त्यांची वही इथेच आमच्यापुढे जाते. आमचा संघ पॅरामॅटा ईल्स, म्हणजे मराठीत वाम मासे. या जागेच्या मूळ आदिवासी नावातच वामींचा वास आहे, असे सांगतात. या वामींनी 1986 नंतर विजेतेपद मिळवलेले नाही, त्यामुळे आपण पैसे मोजतो ते बहुधा पराभवासाठी मोजतो, ही गोष्ट माझ्या मुलाला नऊ वर्षांच्या वयातच मान्य झाली आहे.

तिकीट महाग नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. गोलखांबांच्या मागची, कोपऱ्याकडची जागा घेतली, तर दोन मोठे आणि दोन लहान यांचे एकत्र तिकीट आम्हाला 70 डॉलरांच्या आसपास पडले. 2019 साली उघडलेल्या या मैदानाची प्रेक्षागृहे इतकी उभी आहेत की, स्वस्तातल्या शेवटच्या रांगेतूनही खेळ अगदी पायांखाली चालल्यासारखा दिसतो. राग येतो तो वरच्या सेवाशुल्काचा. तिकीट मी शोधले, जागा मी निवडली, पैसे मी भरले, कागदसुद्धा माझ्याच फोनच्या पडद्यावर. मग सेवा नेमकी कोणी केली, हा प्रश्न दर वेळी पडतो आणि दर वेळी मी ते मुकाट्याने भरतो.

खरा खड्डा पाडते ती जर्सी. मोठ्या माणसाच्या निळ्या-पिवळ्या जर्सीला दीडशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, लहानांची त्याहून थोडी कमी, आणि दर मोसमात नक्षी बदलते. शिवाय सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक दिनाची वेगळी, आदिवासी सन्मानाच्या फेरीची वेगळी. यावर आमच्या घरात जुनाच उपाय चालतो. मुलाला जर्सी वाढत्या अंगाची घेतली. पहिल्या वर्षी तिच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, दुसऱ्या वर्षी ती बसली, आणि आता ती धाकटीच्या अंगात गुडघ्यापर्यंत येते. पाठीवर ज्याचे नाव आहे तो खेळाडू मधल्या काळात दुसऱ्या संघात गेला. धाकटीला त्याचे काही नाही.

खाण्याच्या बाबतीत मी हुशारी करायला गेलो. गेल्या मोसमातल्या एका शनिवारी सकाळी धपाटे करून, फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात भरून नेले. दारावरच्या तपासनीस बाईंनी पिशवी उघडली, डब्याचे झाकण उचलले, तिळाचा आणि लसणाचा वास वर आला, आणि त्यांनी काचेची बाटली तेवढी नाही ना एवढेच विचारून झाकण परत लावले. मी जग जिंकल्याच्या थाटात आत गेलो. मध्यंतराच्या आधीच पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात गरम चिप्सचा खोका आला, त्यावर लाल सॉस ओतला गेला, आणि आमच्या दोन्ही मुलांच्या माना एकाच वेळी तिकडे वळल्या. मग रांग, दोन चिप्स, एक ‘पाय’ (इथली खिमा भरलेली पेस्ट्री), पाण्याच्या बाटल्या आणि हिची कॉफी धरून 45 डॉलर. थंड धपाटे उरलेली चाळीस मिनिटे मी एकट्याने संपवले, कारण ते परत नेले असते तर घरी बोलणे खावे लागले असते.

हे सगळे घरच्या सोफ्यावर बसून टळते, हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला काही सामने चॅनल नाइनवर फुकट दिसतात, आणि पंचाचा निर्णय तिथे मैदानापेक्षा अधिक स्पष्ट कळतो. पण पडद्यावर पकडीचा आवाज येत नाही. या खेळात सहा पकडींच्या आत चेंडू पुढे न्यायचा असतो, आणि शंभर-शंभर किलोंची तीन माणसे चौथ्याला अडवतात तेव्हा ओल्या गादीवर बत्ता पडावा तसा जो आवाज होतो, तो ऐकला की मला थेट लालबागच्या मैदानावरची कबड्डी आठवते. तिथे आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या सामन्यांना तिकीट नव्हते. खर्च म्हणजे चार आण्यांचे शेंगदाणे. स्टेट ऑफ ओरिजिनचे, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँडचे सामने मात्र आम्ही निमूटपणे टीव्हीवरच पाहतो. त्या तिकिटांचे दर पाहून मुलानेच पान मिटले होते.

त्या शनिवारी सामना हरून परत आलो, मुले झोपली, आणि मी वही काढून तिकीट, सेवाशुल्क, चिप्स, ‘पाय’ असे एकाखाली एक मांडून बेरीज केली. एकशे वीस डॉलरांच्या घरात आकडा आला, तो मी जरा अभिमानानेच बायकोला दाखवला. ती परिचारिका आहे; शनिवारच्या पाळीला तिला दीडपट दर मिळतो, आणि मुलांनी हट्ट धरला म्हणून तिने त्या दिवशीची पाळी सोडली होती. तिने पेन मागितले, बेरजेच्या खाली ‘खाडा’ असे लिहिले, आणि आजोबांसारखी पुढची जागा कोरी न सोडता रक्कमही लिहिली. ती वरच्या बेरजेच्या चौपट होती.